‘जरा शांत’ म्हणजे नेमकं काय?

“मुलगा म्हणजे सोनं आहे, सोनं!” विसूमामा म्हणाले आणि त्यांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला.

“मेटाफर,” मी म्हणाले.

“घर असं, की लक्ष्मी पाणी भरते.”

“हायपरबोली.”

“आपली प्रणिता तिथं राणीसारखी राहील बघा.”

“सिमिली. ‘सारखी’ आलं की डोळे मिटून सिमिली.”

विसूमामांनी बशी खाली ठेवली. “अक्का, हिला काय झालंय?”

“इंग्रजी झालंय,” आई म्हणाली. “तू लक्ष देऊ नको. पुढं बोल.”

“पुढं काय, सगळं चांगलंच की. लातूरला स्वतःचं घर. बी-बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी. सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही. फक्त, मुलगा जरा शांत आहे. एवढंच.”

माझे कान टवकारले. फक्त. जरा. एवढंच. एका साध्या शब्दाभोवती तीन पहारेकरी! घरात काही नसेल तर दाराशी कुणी तीन पहारेकरी ठेवतं का?

“जरा शांत म्हणजे?” मी विचारलं.

“शांत म्हणजे शांत. तुझ्यासारखा नाही.”

बाबा हसले, आईही हसली. पण मी विसूमामांकडेच बघत होते. त्यांनी बशी उचलून आणखी एक घोट घेतला, पण बशी तर आधीच रिकामी होती.

“धनू,” आई म्हणाली, “समोरच्या मोहोळकर काकूंकडून विरजण घेऊन ये जा.”

“घरात दही आहे की.”

“ते आंबट झालंय. जा म्हटलं ना.”

आईची ही जुनी रीत. मी खोलीत नको असले की मला विरजणाला पाठवायचं. लहानपणी मी इतक्यांदा विरजण आणलंय की मोहोळकर काकू मला दारात बघितल्याबरोबर वाटी पुढं करायच्या. मी गेले. पण जाताना डोक्यात एकच घोळत होतं: हा माणूस काहीतरी लपवतोय.

हे मी नववीत असतानाचं. आता अकरावीत आहे आणि ताईला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, “लिही की. पण एकही शब्द मऊ करायचा नाही.” म्हणून जसं झालं तसं.

तर माझ्या इंग्रजीच्या आजाराची सुरुवात सय्यद मॅडमनी केली. त्यांची शिकवायची एक तऱ्हा होती. रोज एक फिगर ऑफ स्पीच, म्हणजे भाषेचा अलंकार, सांगायच्या आणि म्हणायच्या, “उद्या उदाहरण आणा. पुस्तकातलं चालणार नाही. घरातलं, बाजारातलं, भांडणातलं आणा.” तोवर मी वर्गात भिंतीला चिकटून बसणारी मुलगी होते. इंग्रजीच्या तासाला आपलं नाव पुकारलं जाऊ नये म्हणून मी चक्क देवाला नारळ बोलले होते. आणि एक दिवस पर्सॉनिफिकेशनसाठी, म्हणजे निर्जीव वस्तूला माणसासारखं वागवण्यासाठी, कुणाकडेच उदाहरण नव्हतं. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, “मॅडम, आमच्या बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. एक गिऱ्हाईक फार भांडतं. ते गेलं की बाबा म्हणतात, ‘याच्यापेक्षा याचा चष्मा समजूतदार आहे, बिचारा नाकावर गप बसतो.’”

सय्यद मॅडम खुर्चीत बसून हसल्या. डोळे पुसले. मग म्हणाल्या, “धनश्री कोठावळे, इकडं ये आणि फळ्यावर लिही हे.” फळ्यापाशी गेलेली मी नंतर मनानं परत बाकावर आलेच नाही. त्या दिवसापासून बार्शीतलं एक वाक्य मी सोडलं नाही. भाजीवालीची अतिशयोक्ती, आजीचे टोमणे म्हणजे आयरनी, बसस्टँडवरच्या माणसाचं ‘चला चला चला’. घरचे टेकीला आले होते. बाबा म्हणायचे, “हिच्यासमोर शिंकायचीसुद्धा भीती वाटते. शिंकेलाही काहीतरी नाव असेल.” होतंच. ऑनोमॅटोपिया, म्हणजे आवाजावरून झालेला शब्द!

आणि त्याच आठवड्यात मॅडमनी युफेमिझम शिकवलं होतं. वाईट किंवा अवघड गोष्ट सरळ न म्हणता गोड करून म्हणायची. “आपण तर यात पटाईत,” मॅडम म्हणाल्या. “बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. दुकान बंद केलं म्हणत नाही, वाढवलं म्हणतो. निघताना जाते म्हणत नाही, येते म्हणतो.” मग फळा पुसता पुसता त्या म्हणाल्या, “शब्दाला कुणी शाल पांघरली की आधी विचारायचं, गारठा नेमका कुणाला लागलाय?”

हे वाक्य घेऊन मी विसूमामांच्या मागे लागले.

पुरावे भराभर जमले. बाबांनी म्हटलं, “रविवारी बघायला येण्याआधी मुलामुलीचं फोनवर एकदा बोलणं होऊ दे.” त्यावर विसूमामा म्हणाले, “मुलाला फोनचं वेड नाही.” वेड नाही! दहा मिनिटं बोलायला वेड लागतं का? मग बाबांनी विचारलं, “बरोबर कोण कोण येणार?” तर, “मुलगा, त्याची आई आणि काका. वडील नाहीत. बोलणं सगळं काकाच करतील.” म्हणजे मुलगा शांत आणि बोलणारा दुसराच. मुलाचं नाव काय, तर निनाद! निनाद नावाचा शांत मुलगा. ही तर आयरनीच झाली, पण ती मी कुणाला ऐकवली नाही. सगळं गाठीला बांधून ठेवत होते.

शनिवारी संध्याकाळी मी दुकानात गेले. ताई काउंटरमागे बसून एका म्हाताऱ्यांच्या चष्म्याची दांडी घट्ट करत होती. माझी ताई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. बी.एस्सी. झाल्यापासून दुकान तीच सांभाळायची. समोरच्या माणसाच्या कानामागे दांडी टोचते की नाही हे त्याच्या कपाळावरून ओळखायची. म्हातारे गेले तशी मी तिच्यासमोर स्टूल ओढलं.

“ताई, मुलात खोट आहे.”

“बरं.”

“बरं काय? तो जेलमध्ये जाऊन आलेला असेल. नाहीतर गांजा पीत असेल. गांजा पिणारे शांत असतात. नाहीतर पुण्यात एक बायको असेल. म्हणून फोन नको.”

ताईनं छोटा पेचकस खाली ठेवला आणि ती इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. “आणि हे सगळं ‘जरा शांत’मध्ये बसलं?”

“बसतं. शालीखाली काहीपण बसतं.”

“तू त्यांचीच वाक्यं तपासतेस होय गं?”

“मग कुणाची तपासू?”

ती फडक्यानं एक स्वच्छ असलेली काच पुसत राहिली.

“तुला हे लग्न करायचंय का?” मी विचारलं.

“आईबाबा म्हणतील तसं.”

“हे काय उत्तर झालं? यात तर एक फिगर ऑफ स्पीचपण नाही.”

“नाही ना?” ताई म्हणाली. “मग तुमच्या मॅडमना विचार, असल्या वाक्याला काय म्हणतात.” मग तिनंच विचारलं, “धनू, ती शाल काढली की खाली काय राहतं?”

“खरं राहतं.”

“आणि ते बघायचं कुणाला नसेल तर?”

“मला आहे ना!” मी छातीवर हात मारून म्हणाले. काय फुशारकी होती माझी!

बाबांनी येऊन दुकान वाढवलं. बाबा स्कूटीवर पुढं गेले, आम्ही दोघी चालत निघालो. ताई गाडी चालवत नसे. तिला चक्कर यायची. लहानपणापासून अशक्त आहे, असं आई सगळ्यांना सांगायची. म्हणून तिला उपास नाही, गणपतीत जागरण नाही, आणि रात्री जेवण झालं की दुधाबरोबर ताकदीची गोळी. पहिलीत असताना मी ती गोळी मला पण हवी म्हणून जमिनीवर लोळले होते. कबड्डीत माझी ताकद कमी पडत होती ना! तेव्हा आईनं मला एक धपाटा दिला होता, आणि धपाटा देऊन स्वतःच रडली होती. मी हे सगळं अगदी सहज सांगतेय, कारण तेव्हा ते इतकंच सहज होतं. आमच्या घरात गॅसची टाकी होती, तुळशीचं रोप होतं आणि ताईची चक्कर होती.

रविवारी सकाळी आईनं सुशीला केला. आमच्याकडे पाहुण्यांना पोहे नाहीत. चुरमुरे भिजवून पिळून, भरपूर कांदा, डाळ्याचं कूट घालून केलेला सुशीला असतो, आणि लातूरची माणसं त्याच्यातली जाणकार. आई लिंबू चिरत होती आणि चिरता चिरता मला दम देत होती.

“आज ते तुझं इंग्रजी बाहेर काढायचं नाही.”

“नाही काढणार.”

“ताटल्या द्यायच्या, पाणी द्यायचं, आणि आत यायचं.”

“होय.”

“तुझ्या जिभेला हाड नाही, म्हणून सांगते.”

“मेटा...” मी म्हणाले आणि गप बसले. आईच्या हातात सुरी होती.

गाडी आली. आधी विसूमामा उतरले, जणू नवरदेव तेच. मागून काका. त्यांचं नाव शिवकुमार शेटे. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. मग निनादच्या आई, बारीकशा, खाली मान. आणि सगळ्यात शेवटी निनाद. उंच, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटं स्वच्छ. गांजा पिणाऱ्यासारखे दिसत नव्हते. पण त्या पांढऱ्या शर्टाचाच मला जास्त संशय आला.

त्यांनी हात जोडून नमस्कार केला. तोंडानं काही नाही.

“या, बसा बसा,” बाबा म्हणाले. “प्रवास कसा झाला?” बाबा निनादकडे बघून विचारत होते.

“उत्तम!” काका म्हणाले. “येडशीला थांबून चहा घेतला.”

“प्रयोगशाळेत काम काय असतं तुमचं?”

“बियाणं उगवतं का नाही ते बघायचं,” काका म्हणाले. “ओल्या कागदात दाणे ठेवायचे. फार जबाबदारीचं काम. आमचा निनाद म्हणेल ते बियाणं खरं, नाहीतर खोटं.”

निनादनी मान हलवली. मी दारात उभी राहून मोजत होते. नोकरी काकांनी सांगितली. शिक्षण काकांनी सांगितलं. आवडनिवड, “त्याला सगळं चालतं,” तीही काकांनीच. बाबांनी “तुम्हाला काही विचारायचंय का प्रणिताला?” असं म्हटलं, तर काका म्हणाले, “त्याला पसंत आहे.” अजून ताई बाहेर यायची होती!

मी सापळा लावायचं ठरवलं. ताटल्या देऊन झाल्यावर मी सरळ निनादसमोर जाऊन उभी राहिले. “चहा घेणार का कॉफी?”

त्यांनी चहाच्या किटलीकडे बोट केलं.

“साखर किती?”

एक बोट.

“वेलची चालते ना?”

मान. या माणसाला मी प्रश्नाचं कुठलं टोक धरून ओढावं तेच कळेना. एवढ्यात ताई आली आणि खुर्चीवर बसली. साडीचा पदर सावरत तिनं एकदा निनादकडे बघितलं. निनादनीही बघितलं. आणि मला शपथेवर वाटलं की त्यांना काहीतरी बोलायचं होतं. त्यांचा गळा हलला. पण लगेच काकांचा आवाज आला, “निनाद म्हणतोय, मुलगी छान आहे.”

“ते कुठं काय म्हणाले?” माझ्या तोंडून गेलंच.

“धनू,” आई म्हणाली.

“पण आई, ते आल्यापासून एक अक्षर बोललेले नाहीत. मी विचारलं तरी नाही.”

“मुलगी जरा धीट आहे हं,” विसूमामा घाईघाईनं हसले.

“धीट म्हणजे आगाऊ, मामा. हेपण युफेमिझमच आहे. आणि तुमचं ‘जरा शांत’ पण.” आता सुटले होते ते सुटलेच. “सरळ सांगता येत नाही तिथं गोड शब्द घालतात. आमच्या मॅडमनी शिकवलंय. फक्त, जरा, एवढंच. एवढे शब्द लावून तुम्ही काय झाकलंय सांगा ना. माझ्या ताईचं लग्न आहे.”

काकांचा घास तोंडाशी थांबला होता.

“धनश्री, आत जा,” बाबा म्हणाले. बाबा मला धनश्री म्हणतात तेव्हा प्रकरण फार पुढं गेलेलं असतं.

“पोरगी लहान आहे, सोडा,” काका म्हणाले. “आमचा निनाद मुळात मितभाषी...”

निनादनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला. काका थांबले.

मग त्यांनी तोंड उघडलं. ओठ मिटले ते मिटलेच राहिले. मानेची शीर ताठ झाली, डोळे किलकिले झाले. शब्द आत कुठंतरी दाराला धडका देत होता आणि दार उघडत नव्हतं. काकांनी पंख्याकडे बघायला सुरुवात केली. विसूमामा ताटलीत बघायला लागले. बाबांनी चष्मा काढला. निनादच्या आईंनी तर डोळेच मिटले. एकटी ताई त्यांच्याकडे सरळ बघत होती, एखाद्याचं बोलणं चालू असताना आपण बघतो तसं.

“मी,” निनाद म्हणाले. पुन्हा थांबले. बराच वेळ. “मी अडखळतो. लहानपणा... पासून.”

“आता पुष्कळ कमी झालंय!” काका म्हणाले. “लग्न झालं की आपोआप...”

“शाळेत फार हसायचे त्याला,” निनादच्या आई पहिल्यांदाच बोलल्या. “तेव्हापासून आम्हीच बोलतो त्याच्या वतीनं. सवयच झाली.”

मला खरं तर वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, थोडं नंतर. पण त्या क्षणी मी मनात नाचत होते. सापडलं! काढली शाल!

आणि बाबांचा आवाज चढला. “विसू, हे आधी सांगायला नको? समोर बसून चहा पितोस आमच्याकडे, आणि एवढी गोष्ट झाकून ठेवतोस?”

“दाजी, ऐका तर...”

“काय ऐका? आमच्या मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.”

“फसवणूकच ही,” आई म्हणाली. “असं झाकून कुणी लग्न ठरवतं का?”

“बाबा, पुरे,” ताई म्हणाली.

ती हळूच बोलली होती, पण बाबा गप झाले. ताईनं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला.

“आपल्याला तोंड नाही असं बोलायला.”

“प्रणिता, तू आत चल,” आई उठली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आणि मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, “धनू, समोरून विरजण आण.”

घरात पाहुणे, ताटल्या अर्ध्या, आणि विरजण! तरी गंमत बघा, मी वळले. पाय आपोआप दाराकडे निघाले. सवय म्हणजे सवय.

“तिला कुठं पाठवू नको आई,” ताई म्हणाली. “धनू, बस इथं.”

मी मटकन खाली बसले.

ताई निनादकडे बघून बोलायला लागली. “तुम्हाला माझ्याबद्दल काय सांगितलं होतं?”

उत्तर त्यांच्या आईंनी दिलं. “मुलगी फक्त जरा नाजूक आहे, एवढंच, असं म्हणाले होते.”

तेच तिन्ही पहारेकरी. या खेपेला आमच्या दाराशी.

“मी नाजूक नाही,” ताई म्हणाली. “मला फिट येते. सातवीपासून. घरात तिला चक्कर म्हणतात. रोज रात्री गोळी घेते, ती ताकदीची नाही, फिटची आहे. त्या गोळीमुळं वर्षभर एकदाही आलेली नाही. डॉक्टर म्हणतात, लग्न, नोकरी, मुलं, सगळं करता येईल. गाडी चालवायची नाही आणि गोळी चुकवायची नाही. झालं.”

माझ्या कानात काहीतरी खळ्ळकन वाजलं. स्टीलचा पेला. लहानपणी आतल्या खोलीतून पेला पडल्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ आईची हाक यायची, “धनू, विरजण आण!” मोहोळकर काकू वाटी द्यायच्या आणि उगाच लाडू देऊन मला बसवून घ्यायच्या. मी परत यायचे तेव्हा ताई भर दुपारी झोपलेली असायची. केस ओले असायचे. आई तिच्या उशाशी बसलेली. आणि मी विचारायचे, “चक्कर आली होय?” मीच. याच तोंडानं. अख्ख्या बार्शीची वाक्यं पकडत फिरणारी मी, हा शब्द रोज तोंडात घोळवत होते आणि त्याखाली काय आहे ते कधी विचारलं नव्हतं.

काका ताडकन उठले. “वा! म्हणजे फसलो तर आम्ही असतो!”

“तुम्ही कसले फसताय?” बाबा म्हणाले. “तुम्हीच मुलाला तोंड उघडू दिलं नाही!”

“आणि तुम्ही मुलीचा आजार गोळीसकट गिळलात!”

“अहो, थांबा, थांबा!” विसूमामा दोघांच्या मधे हात पसरून उभे राहिले. “मला दोन्हीकडचं ठाऊक होतं. म्हणून तर हे स्थळ आणलं! त्यांचं एक झाकलं, तुमचं एक झाकलं. बरोबरी झाली की! मी फसवलं कुणाला?”

ते अगदी प्रामाणिकपणे विचारत होते. मग काका चपला शोधत बाहेर गेले, बाबा त्यांच्यामागून “अहो, पुरतं ऐकून तर घ्या” करत गेले, आणि विसूमामा दोघांच्या मागून अनवाणीच पळाले. बाहेर ओसरीवर तिघांचे आवाज एकमेकांवर आदळत राहिले.

आत आईनं पदर तोंडाला लावला होता. निनादच्या आईंनी पाण्याचा तांब्या उचलून तिच्यापुढं सरकवला.

निनाद उठले नव्हते.

“शेवटची...” ते म्हणाले, “कधी आली?”

“मागच्या श्रावणात.”

“तेव्हा... जवळ कोण होतं?”

“आई.”

ते विचार करत होते की अडकले होते, मला ओळखता येईना. मी वाक्य पूर्ण करायला तोंड उघडलं. ताईनं माझ्याकडे न बघता माझ्या हातावर हात ठेवला.

“जवळच्या माणसानं,” निनाद म्हणाले, “क... काय करायचं असतं?”

चोवीस वर्षांच्या माझ्या ताईला हा प्रश्न आमच्या घरातली माणसं सोडून कुणी विचारला नव्हता, हे मला तिच्या तोंडावरूनच समजलं.

“कुशीवर वळवायचं,” ती म्हणाली. “डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात चमचा वगैरे घालायचा नाही. घड्याळाकडे लक्ष ठेवायचं. पाच मिनिटांच्या पुढं गेली तर डॉक्टर. नाहीतर नुसतं जवळ बसायचं, आपोआप थांबते.”

निनाद मान हलवत होते. ओल्या कागदातले दाणे बघताना ते असेच बघत असणार.

“आणि तुम्ही अडखळलात की?” ताईनं विचारलं. “जवळच्या माणसानं काय करायचं?”

ते हसले. आल्यापासून पहिल्यांदा. “म... मधे बोलायचं नाही.”

बाहेर गाडीचं दार धाडकन लागलं. काकांनी हॉर्न वाजवला. “निनाद! चल!”

निनादच्या आई उठून उभ्या राहिल्या, मग मुलाकडे बघून पुन्हा बसल्या.

“तुमचं नाव अजून तुम्ही सांगितलंच नाही,” ताई म्हणाली. “सगळ्यांनी सांगितलं. तुम्ही नाही.”

“तेच...” ते म्हणाले, “सगळ्यात अवघड आहे.”

“सांगा की.”

त्यांनी श्वास घेतला. जीभ दातांमागे जाऊन टेकली आणि तिथंच राहिली. शीर पुन्हा ताठ झाली. बाहेर हॉर्न वाजला. मला ते नाव माहीत होतं, ते माझ्या अगदी ओठांवर होतं, आणि गेला महिनाभर मी कुणाचं एक वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले. आई पदराआडून बघत होती. हॉर्न तिसऱ्यांदा वाजला, या वेळी लांबलचक. ताईनं मान थोडी कलती केली, जशी दुकानात करते, समोरच्याला नीट दिसायला लागेपर्यंत.

“निनाद,” ते म्हणाले. सबंध, शेवटच्या अक्षरापर्यंत.

“मी प्रणिता,” ताई म्हणाली.